सौंदडनंतर देवलगाव

गोंदियाच्या फलाटावर आईने मला विचारले, “भाऊ, तुम्ही कुणाकडचे?” ऐंशी उलटल्यापासून माणसांची नावे तिच्या हातून निसटू लागली आहेत. वडील याच लाइनवर गार्ड होते. तिचा पहिला संसार जिथे मांडला गेला, तो मुलूख तिला एकदा दाखवावा, एवढाच माझा बेत.

चैत्राचे दिवस. बल्लारशाची गाडी सुटली आणि कुठल्याशा गिरणीतून उकडत्या धानाचा ओलसर वास खिडकीतून आत शिरला. आई सावरून बसली. “हिरडामाली, गोंगले, सौंदड, देवलगाव, अर्जुनी!” मधली लहान स्टेशने गळली, पण क्रम चुकला नाही.

ही वडिलांची करामत. आम्हाला नावे पाठ होईनात, तेव्हा त्यांनी त्यांची चित्रे केली. हिरडे वेचणारा माळी, त्याच्या पायाशी गोगलगाय, सौंदड म्हणजे शमी, तिच्यावर पांडवांची शस्त्रे, पुढे देऊळ, आणि शस्त्रे न्यायला आलेला अर्जुन!

वडिलांना शास्त्र ठाऊक नव्हते. शब्दाला चित्राची जोड मिळाली की तो मनात दोन जागी नोंदला जातो, असे ॲलन पायव्हिओ या मानसशास्त्रज्ञाने 1971 साली मांडले. वासाची गोष्ट आणखी न्यारी. इतर संवेदना मेंदूतल्या एका मधल्या नाक्यावरून पुढे जातात. वास मात्र भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांत जवळजवळ थेट पोचतो. शब्द शिकताना जो वास दरवळत होता तोच पुन्हा आला, तर ते शब्द अधिक आठवतात, असे प्रयोगांतही दिसले आहे. चित्राने नावे बांधून ठेवली होती. वासाने गाठ सोडली.

देवलगावला उतरून आम्ही नवेगाव बांधला गेलो. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला हा तलाव. भोवतीच्या टेकड्यांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. आईने बोटाने त्या मोजल्या. जवळच मोहाखाली फुलांचा सडा पडला होता. त्या गोड, आंबूस वासात ती खाली वाकली, मूठभर फुले वेचली आणि म्हणाली, “बापू, ओंजळ कर.”

बापू हे माझे घरातले नाव. दोन वर्षांनी ते कानावर पडत होते. मी निमूटपणे ओंजळ पुढे केली.

रात्री मी पुन्हा ‘भाऊ’ झालो. पण ती फुले मी रुमालात बांधून घरी आणली आहेत.