एका कानाची गावं

कपाला कान असतो, हे मराठीनं केव्हाच ठरवून टाकलं आहे. कान तुटला की कप चहातून निवृत्त होतो आणि न्हाणीघरात दात घासायचे ब्रश सांभाळत बसतो. प्रवासाची आठवण म्हणून आणलेला कॉफीचा मग मात्र कान शाबूत असतानाच निवृत्त होतो. जाड, पांढरा, सव्वातीनशे मिलिलिटर मावणारा, अंगावर गेटवे ऑफ इंडिया नाहीतर आयफेल टॉवर मिरवणारा हा मग कपाटाच्या काचेआड जातो, शेजारी दुसऱ्या गावाचा येतो आणि बघता बघता रांग लागते. या हौसेला लोक हसतात. नाणी जमवणाऱ्याला अभ्यासक म्हणतात, पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याला छांदिष्ट. मग जमवणाऱ्याच्या वाट्याला ‘हे पुसायचं कोणी?’ एवढाच प्रश्न येतो. माझं म्हणणं असं की, हा संग्रह दिसतो त्याहून बराच शहाणा आहे. मगाच्या गोल अंगावर टीचभर जागा असते. तेवढ्यात स्वतःची ओळख करून द्यायची तर काय दाखवायचं, हे गावाच्या वतीनं कोणीतरी ठरवलेलं असतं. एकटा मग पाहिला तर ती जाहिरात वाटते. वीस मग शेजारी मांडले की काय घेतलं, काय गाळलं आणि ठरवणारा कोण होता, हे वाचता येऊ लागतं.

पेल्यावर गावाची खूण उमटवण्याची कल्पना आजची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हिएन्नात आंटोन कोटगासर हा चित्रकार जाड बुडाच्या काचेच्या पेल्यांवर पारदर्शक रंगांनी सेंट स्टीफनचं चर्च रंगवत असे. हातानं रंगवलेला असा पेला अर्थातच पैसेवाल्यांचा. सामान्यांच्या हाती ही खूण यायला आगगाडी यावी लागली आणि सुट्टीही. इंग्लंडमध्ये १८७१च्या कायद्यानं बँकांच्या सुट्ट्या ठरल्या, गाड्या भरभरून माणसं समुद्रकिनारी जाऊ लागली, आणि परतताना त्यांना काहीतरी स्वस्त, चिमुकलं, पिशवीत मावणारं हवं होतं. स्टोक-ऑन-ट्रेंट इथल्या विल्यम हेन्री गॉस यांच्या कारखान्यानं ही गरज हेरली. त्यांचा मुलगा अडॉल्फस यानं १८८०च्या दशकात हस्तिदंती छटेच्या चिनी मातीच्या छोट्या छोट्या भांड्यांवर त्या त्या शहराचं मानचिन्ह रंगवून विकण्याचा धंदा वाढवला. त्यातली गोम अशी, की एका गावात एक विक्रेता आणि त्याच्याकडे त्याच गावाचं चिन्ह. ब्रायटनचं भांडं हवं असेल तर ब्रायटनला जा. या एका नियमानं शोभेच्या भांड्याला साक्षीदार केलं. १९०४ साली तर गॉसची भांडी जमवणाऱ्यांचा संघच स्थापन झाला. आज कॉफीच्या मोठमोठ्या साखळ्या शहरांच्या नावांचे मग काढतात आणि शक्यतो त्या त्या शहरातच विकतात, तेव्हा त्या गॉसच्याच पायवाटेनं चालत असतात.

पहिला आक्षेप इथेच उभा राहतो. ही सगळी भांडी एकाच घाण्यातून निघालेली. ब्रायटनचं चिन्ह रंगायचं स्टोकमध्ये. पुढे जर्मन कारखान्यांनीही तसल्याच भांड्यांनी इंग्लंडचा बाजार भरला. आजचा पॅरिसचा मग चीनमधल्या भट्टीतून आलेला असू शकतो. गावची माती नाही, गावचा कुंभार नाही, तर गावाचं त्यात राहिलं काय? कारागिरीच्या बाजूनं पाहिलं तर याला उत्तर नाही. सावंतवाडीचं लाकडी फळ किंवा कोल्हापुरी चप्पल हातात घेतली की करणाऱ्याचा हात कळतो. मगात तो कळत नाही. पण जात्यावरची ओवी आठवून पाहावी. चाल ठरलेली असते. प्रत्येक बाई तीच चाल धरते आणि तिच्यात आपलं माहेर, आपला भाऊ, आपल्या गावची वाट घालते. चाल एक असते म्हणूनच माहेरं वेगळी ऐकू येतात. लाकडी फळ आणि चप्पल शेजारी ठेवून दोन गावांची तुलना होत नाही. मगांचा घाट, कान, रंग सगळं सारखं असतं, त्यामुळे फरक उरतो तो फक्त निवडीचा, आणि डोळा थेट तिथेच जातो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. एवढ्या अफाट शहराची एक कमान करून टाकायची, हा शहराचा अपमान नाही का? मुंबईच्या मगावर गेटवे असतो, काळी-पिवळी टॅक्सी असते, डबेवाला असतो. गिरणीची चिमणी आणि चाळीची गॅलरी सहसा नसते. हे खरं आहे. मात्र मगावरची खूण दिसते तितकी निमूट नसते. आयफेल टॉवरचं बांधकाम चालू असताना, १८८७ साली, पॅरिसच्या नामवंत कलावंतांनी ‘ल ताँ’ या वर्तमानपत्रातून त्याचा जाहीर निषेध केला होता. त्यात मोपासाँही होता. मुळात टॉवरला परवानगी होती वीस वर्षांची. ज्याला शहरानं नाक मुरडलं, तेच पुढे शहराचं नाक झालं. गेटवेची गोष्ट तर आणखी गमतीची. ही कमान राजा पंचम जॉर्जच्या आगमनाचं स्मारक. पण १९११च्या डिसेंबरात राजा उतरला तेव्हा तिथे पुठ्ठ्याचा देखावा होता. दगडी कमान पुरी व्हायला १९२४ उजाडलं. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून बोटीकडे गेली. मगावर यातलं काहीच नसतं. तिथे राजा नाही, पलटण नाही, फक्त मुंबई. म्हणजे राजासाठी बांधलेली कमान लोकांनी आपलीशी केली, त्या निवाड्याची प्रत आपल्या हातात असते. टॅक्सीचं पाहा. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपल्यानं २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली. मगावर ती अजून धावते आहे. नवा मग कधी तिला उतरवील, हे सांगता येत नाही. पण ज्याच्याकडे जुना आणि नवा दोन्ही असतील, त्याला शहराची आठवण नेमकी कुठे वळली ते दाखवता येईल. सपाटपणाचा आरोप एका मगावर सिद्ध होतो. रांगेपुढे तो टिकत नाही.

ठरवणारा कोण, हा प्रश्न तर आता नव्यानंच उघडला आहे. गॉसच्या काळी चिन्ह नगरपालिकेचं होतं. नंतर ते कंपनीच्या चित्रकाराकडे गेलं. आता तालुक्याच्या गावातला फोटो स्टुडिओसुद्धा मग छापून देतो. खास शाईनं कागदावर उलटं चित्र काढायचं, तो कागद लेप दिलेल्या पांढऱ्या मगाभोवती गुंडाळायचा आणि यंत्रात साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला दाबून धरायचा. शाईची वाफ होते आणि ती लेपात शिरून बसते. हजार नगांची मागणी लागत नाही, एक मगही निघतो. यातून वाढदिवसांचे आणि नवरा-बायकोच्या फोटोंचे मग उदंड निघाले, हे कबूल. घरबसल्या मागवता येऊ लागल्यानं ‘जाऊन आलो’ ही साक्षही पातळ झाली, हेही कबूल. गॉसच्या नियमातलं मर्म तिथे हरवतं. पण निवड करण्याचा हक्क पालिका आणि कंपनी यांच्या हातून सुटून गल्लीत आला, ही लहान गोष्ट नव्हे.

उरतो तो घरातला आक्षेप: भांडं वापरायचं असतं, मांडायचं नसतं. मराठी घराला हे सांगायची गरज नाही, कारण भांड्यावर आठवण कोरण्याचा रिवाज आपल्याइतका कोणी क्वचितच पाळला असेल. स्टीलच्या ताटावर, पितळेच्या तांब्यावर, देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, लग्नाची तारीख ठिपक्याठिपक्यांनी घातलेली असते. ते ताट रोज घासलं जातं, त्यात रोज जेवलं जातं, आणि आत्याबाईंचं नाव हळूहळू पुसट होत जातं. याच घरात काशीहून आणलेला गंगेचा गडूही असतो, तोंड डाकानं बंद केलेला, देवघरात वर्षानुवर्षं न उघडता ठेवलेला. एक भांडं वापरून जपायचं, दुसरं न वापरून. दोन्ही रीती आपल्याला शोभतात, तर मगानं कोणता अपराध केला? त्याला दोन्ही वाटा मोकळ्या असाव्यात. झिजलेला मगही काही सांगतोच: घरानं कोणतं गाव सर्वांत जास्त वेळा हातात धरलं.

या म्हणण्याची परीक्षा घ्यायची तर ज्या गावाचा ठरलेला मग नाही, तिथे जावं. सोलापूरचा मग काढायचा आहे, असं समजू. कोणी म्हणेल, तळ्यातलं सिद्धेश्वराचं मंदिर घ्या. दुसरा म्हणेल, चादर. तिनं गावाचं नाव घरोघरी अंथरलं. तिसरा शेंगांच्या चटणीवर अडून बसेल. कोणीतरी आठवण देईल की, १९३०च्या मार्शल लॉचं आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेलेल्या चार हुतात्म्यांचं हे गाव, त्यांना बाजूला सारून चटणी कशी छापायची? आणि एखादी म्हातारी विडी कामगार शांतपणे विचारील, आमच्या सुपाचं काय? मराठीत ‘मग’ हे भांडं व्हायच्या कितीतरी आधीपासून प्रश्न होता. गोष्ट थांबली की ऐकणारं पोर तोच विचारतं. टीचभर जागेसाठी सोलापूर असं तासभर भांडलं, तर गावाला स्वतःची गोष्ट पुन्हा एकदा सांगावी लागेल. अखेरीला बहुतेक मंदिरच छापलं जाईल, मागल्या बाजूला चादरीची नक्षी येईल. तो मग रांगेत जाऊन बसेल आणि ती रांग शेवटपर्यंत वाचणारा कोणी विचारील: मंदिर झालं, चादर झाली. मग?