पितृपंधरवड्याची शाळा

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी गणपतीचा कारखाना बघवत नाही. अडीच महिने जिथे पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे रिकामे पाट, फाटकी ताडपत्री, वाळून कडक झालेले ब्रश. चिंचपोकळी स्टेशनचा पूल उतरताना गुलाल अजून नाकात जातो. पुढे पितृपक्ष, म्हणजे नवी ऑर्डर नाही. गौरीचे उरलेले मुखवटे कागदात गुंडाळून माळ्यावर टाकायचे आणि झोपा काढायच्या. पंचवीस वर्षं मी तेच केलं. मग एका वर्षी त्याच पंधरवड्यात बंगाली शिकायला लागलो.

निमित्त झालं पेंढ्याचं.

आमच्या चिंचपोकळीत १९२० पासून सार्वजनिक गणपती बसतो. लालबागला गणेश गल्लीत १९७७ साली बावीस फुटांची मूर्ती उभी राहिली आणि मग गिरणगावाच्या माना वरच राहिल्या. ही उंची पेलली ती प्लास्टरमुळे. साच्यात प्लास्टर आणि काथ्या भरला की मूर्ती आतून पोकळ, वजनाला हलकी, दोन दिवसांत कोरडी. भावनगरकडून येणारा शाडू दोन-तीन फुटांपर्यंत राजासारखा वागतो. त्यापुढे स्वतःच्याच वजनाने बसतो, भेगा पाडतो. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्लास्टरवर फुली आली आणि प्रत्येक कारखान्यात एकच विषय सुरू झाला. तेव्हा कुणीतरी म्हणालं, बंगाली लोक दहा-दहा फुटांची दुर्गा नुसत्या मातीची करतात, प्लास्टरचा कण नाही. दादरकडे त्यांच्या पूजेचं काम चालतं, जाऊन बघ.

गेलो. मांडवाच्या मागे कोलकात्याच्या कुमारटुलीतून आलेले पाच कारागीर आषाढापासून मुक्कामाला होते. त्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला सगळे दादू म्हणत, म्हणजे आजोबा. ते जमिनीवर बसून पेंढ्याची मांडी बांधत होते. लाकडाच्या सांगाड्यावर पेंढ्याचा जुडगा धरायचा, सुतळीचा वेढा द्यायचा, दातांनी ओढायचा. पोटरी, गुडघा, कंबर. मातीचा हात लागण्याआधीच बाई उभी होती, वजन एका पायावर टाकून. आम्ही साचा उघडतो तेव्हा मूर्तीला बाहेरून आकार आलेला असतो. इथे तो आतून येत होता. त्यावर मातीचा पहिला थर, तो ‘एकमेटे’. वाळून भेगाळला की दुसरा, ‘दोमेटे’. भेगांवर चिखलात बुडवलेली कापडाची पट्टी. मग खडूमातीचा पांढरा हात.

मी मोडक्या हिंदीत विचारलं, हे मला जमेल का? सुतळी दातांत असतानाच दादू म्हणाले, “चेष्टा कोरो.” मी तडक उठलो. पंचवीस वर्षं या धंद्यात घालवलेल्या माणसाची पहिल्या भेटीत चेष्टा? त्यांचा एक पोरगा मागे धावत आला. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. प्रयत्न कर, एवढंच म्हणत होते.

त्या दिवशी ठरवलं, ही भाषा शिकायची. शब्द आपल्याच घरातले, पण दुसरीकडे नांदायला गेलेले. विसर्जनाला ते ‘भाशान’ म्हणतात. “दशमीला भाशान आहे” ऐकून मी विचारलं होतं, कोण पुढारी येणार? ‘चालचित्र’ ऐकून मला वाटलं आमच्यासारखा चलतचित्र देखावा, हलणारे हात, मागे ध्वनिफीत. तर ती निघाली देवीच्या डोक्यामागची अर्धगोल रंगवलेली कमान. बंगाली माणूस पाणीसुद्धा खातो. आणि राग मात्र दोघांचा सारखाच.

माझ्या घरी बंगाल अगदीच परका नव्हता. वडील गिरणीत होते. पाळी संपवून आले की वाचनालयातून आणलेले शरच्चंद्र वाचायचे, मामा वरेरकरांच्या मराठीत. १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच आणि ते कारखान्यात माती मळायला आले, मागून मी. पु. ल. देशपांडे पन्नाशीत शांतिनिकेतनला जाऊन बंगाली शिकले आणि त्यातून ‘वंगचित्रे’ आलं, हेही वडिलांनीच सांगितलेलं. माझीही पन्नाशी जवळ आली होती. शांतिनिकेतन परवडणारं नव्हतं. दादर तीन स्टेशनं पलीकडे. विद्यासागरांचं ‘वर्णपरिचय’ हे १८५५ सालचं बालबोध पुस्तक मिळवलं आणि दर पितृपक्षात संध्याकाळी चारच्या सुमारास त्या मांडवात जाऊन बसू लागलो. पेंढा बांधता बांधता दादू माझी उजळणी घेत.

दुसऱ्या वर्षी कलाबौची गोष्ट कळली. सप्तमीच्या सकाळी केळीचं रोप, सोबत अळू, हळद, बेल, डाळिंब, अशोक, भात अशी मिळून नऊ झाडं एकत्र बांधतात, न्हाऊ घालतात, लाल काठाची पांढरी साडी नेसवतात आणि गणपतीच्या शेजारी उभी करतात. घूंघट घेतलेली केळ. लोक म्हणतात गणपतीची बायको. दादू हसले. “बायको कसली? आईच ती. दुर्गेचंच रूप.”

मी गप्प झालो. आमच्या कोकणातल्या घरी भाद्रपदात तेरड्याची गौर येते. तेरड्याची रोपं मुळासकट उपटून आणायची, जुडी बांधायची, वर मुखवटा, खाली साडी. अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठावर जेवते, मूळ नक्षत्रावर जाते. आई म्हणायची ही गणपतीची आई, माहेरी आलेली. समोरच्या खोलीतल्या घाटावरच्या काकू म्हणायच्या, छे, या तर ज्येष्ठा-कनिष्ठा दोघी बहिणी. चाळीत हा वाद दर वर्षी, भाजी निवडता निवडता. आणि इथे एक म्हातारा मला सांगत होता की त्यांचीही बाई झाडांची, तीही मोजक्या दिवसांसाठी माहेरी आलेली, आणि तिच्या नात्यावरून त्यांच्याकडेही घोळ. मी आयुष्यभर गौरीचे मुखवटे केले. ही बाई कुठून आली, कशी आली, वाटेत काय मनात घेऊन आली, हे मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. मुखवटा म्हणजे डझनावर भाव.

तिसऱ्या वर्षी कामाच्या गडबडीत चार दिवस मी गेलोच नाही, कळवलंही नाही. गेलो तेव्हा दादूंनी पाठ फिरवली. पोरगा हळूच म्हणाला, “दादूर ओभिमान होएछे.” मनात म्हटलं, झाला असेल, मोठे कलाकार ना! पण आता मी शहाणा झालो होतो; आधी अर्थ विचारला. त्याला सांगायला बराच वेळ लागला. अभिमान म्हणजे गर्व नाही. रागही नाही. ज्याच्यावर आपला हक्क आहे त्याने दुर्लक्ष केलं की आत जे दुखतं आणि तोंडाने सांगवत नाही, ते. परक्यावर हा अभिमान होत नाही. आपल्याकडे रुसवा आहे, पण रुसव्याला समजूत काढून घ्यायची घाई असते. हा वाट बघतो.

मी दादूंच्या शेजारी बसून सुतळी ओढत राहिलो. तासाभराने त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

त्याच वर्षी सर्वपित्रीच्या पहाटे त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. आमची सर्वपित्री ती त्यांची महालया. त्या दिवशी देवीचे डोळे काढायचे. पहाटे चारला मोबाइलवर वीरेंद्रकृष्ण भद्रांचं चंडीपठण लागलं, १९३१ पासून बंगाल याच आवाजाने महालयेला उठतो. हात धुऊन दादूंनी ब्रश उचलला, पण आधी एक गोष्ट सांगितली, ब्रह्मवैवर्त पुराणातली. आपल्याकडे गणपतीचं शीर बापाच्या रागाने जातं. त्यांच्याकडे जातं शनीच्या नजरेने. शनी बाळ बघायला येतो, पण मान वर करत नाही. आपली नजर वाईट हे त्याला ठाऊक असतं. पार्वतीच हट्ट धरते, बघ ना माझ्या लेकराकडे. तो डोळ्याच्या कोपऱ्यातून एकदाच बघतो. मग विष्णूने जाऊन हत्तीचं शीर आणायचं.

“म्हणून डोळा काढताना,” दादू म्हणाले, “तिने किती बघायचं ते आधी ठरवायचं.”

आम्ही याला आखणी म्हणतो. वरची पापणी, खालची पापणी, बुबुळ, शेवटी पांढरा ठिपका. मी दिवसाला चाळीस जोड्या काढलेल्या आहेत. माझ्या सगळ्या गौरी सताड डोळ्यांच्या, समोर हसणाऱ्या, कपड्यांच्या दुकानातल्या बाहुल्यांसारख्या. त्यांनी किती बघायचं हे मी कधी ठरवलंच नव्हतं.

पेंढ्याची मूर्तीही मी केली, साडेतीन फुटांची. आमच्या श्रावणात ती वाळेना. गुडघ्याला भेग गेली, ती कापडाने बुजवली, पुन्हा गेली. मंडळाला द्यायच्या लायकीची झाली नाही. मोठ्या मूर्तीचा प्रश्न जिथे होता तिथेच आहे.

पण गेल्या वर्षी मुखवट्यांची आखणी बदलली. वरची पापणी दोऱ्याइतकी खाली घेतली. बुबुळ तिच्याखाली किंचित सरकवलं, मधोमध न ठेवता जरासं बाजूला. ओठ मिटलेले, कडेला हसू नाही आणि नाराजीही नाही. वर्षाने माहेरी आलेली, इतके दिवस मला न्यायला कुणी का आलं नाही, हे न विचारणारी.

लालबागच्या बाजारात एका बाईंनी तो मुखवटा हातात घेतला. “ही रुसल्यासारखी वाटते हो. दुसरी दाखवा.” मी जुन्या डोळ्यांच्या तीन दाखवल्या. त्या तिन्ही त्यांनी उलटसुलट बघितल्या, पिशवी खांद्यावर टाकली, चार पावलं गेल्या आणि परत आल्या. “तीच द्या मघाची.”

संध्याकाळी मांडवातून दादूंचा फोन आला. डोळे जमतायत का, विचारत होते. मी म्हटलं, “चेष्टा कोरछी, दादू.” पॉलिश पेपर मारणारा कारखान्यातला पोरगा मान वर करून म्हणाला, “कुणाची चेष्टा करताय, काका?”