प्रवासाची दैनंदिनी : भोसरीचा मुक्काम

बुधवार
पुणे-नाशिक महामार्गाने निघालेली कॅरॅव्हॅन, म्हणजे राहण्याची सोय असलेली मोटारगाडी, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत थांबवावी लागली, कारण फ्रिज सुरू होताच दिवे मंदावत आणि पहाटेपूर्वीच इन्व्हर्टर बंद पडे. अशा गाडीत इंजिन सुरू करणारी बॅटरी वेगळी असते आणि दिवे, पंखे, फ्रिज चालवणारी निवासी बॅटरी वेगळी. पहिली क्षणभर मोठा प्रवाह देते, तर दुसरी तासन्‌तास बेताचा प्रवाह पुरवते, म्हणून तेथे जाड पट्ट्यांची ट्यूब्युलर बॅटरी बसवतात. भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रात घरोघरी इन्व्हर्टरला जोडली गेली ती हीच बॅटरी. राज्याने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तरी या गाड्यांच्या विजेची खरी जाण इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडेच आहे, हे मान्य केले पाहिजे.

बॅटरी काही तास विनाभार ठेवून मोजली असता 12.6 व्होल्ट भरली, म्हणजे ती पूर्ण चार्ज होती. परंतु विनाभार मोजणीवर विसंबणे धोक्याचे असते. फ्रिज चालू करून मोजल्यावर बॅटरीच्या टर्मिनलवर 12.4, तर इन्व्हर्टरच्या टोकाशी 11.2 व्होल्ट मिळाले, म्हणजेच 1.2 व्होल्ट वाटेतच खर्ची पडत होते. प्रवाह 20 अँपिअर असताना एवढी घट होण्यास 0.06 ओहमचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, पुरेसा असतो, आणि त्यातून 24 वॅट उष्णता निर्माण होते. केबलच्या टोकाचा लग हाताला गरम लागत होता तो यामुळेच. पहाटेपूर्वी बॅटरी 11.8 व्होल्टपर्यंत उतरली की इन्व्हर्टरला 10.6 व्होल्टच मिळत, आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा सुरुवातीचा झटका बसताच तो स्वतःला बंद करी. चांगली बॅटरी भंगारात जाते ती बहुधा ही मोजणी न केल्यामुळे.

गुरुवार
वसाहतीची साप्ताहिक सुटी. चार्जिंग पूर्ण झाल्यावर हायड्रोमीटरने आम्लाची घनता तपासली असता सहाही सेलमध्ये ती 1.240 ते 1.250 होती, म्हणजे एकही सेल मागे पडलेला नव्हता. डिस्टिल्ड वॉटर त्यानंतरच भरले, कारण चार्ज होताना आम्ल फुगते आणि आधी काठोकाठ भरलेले पाणी बाहेर सांडते.

शुक्रवार
पान्याचा स्पर्श गाडीच्या धातूला होऊन शॉर्ट होऊ नये यासाठी ऋण टोक आधी सोडले गेले. हिरवट क्षार चढलेला लग कापून नवा लग दाबयंत्राने बसवल्यावर घट 0.2 व्होल्टवर आली, आणि दुपारी गाडी मोशीमार्गे चाकणकडे निघाली.