जात्यावरचे प्रेम

मराठी लोकगीतांतली प्रेमिका म्हटली की प्रथम लावणी आठवते. परंतु रामजोशी, होनाजी, प्रभाकर, सगनभाऊ यांच्या लावणीत सख्याची वाट पाहणारी, रुसणारी, तळमळणारी जी स्त्री आहे, तिच्या तोंडचे शब्द पुरुषांचे आहेत. बाईने आपल्यावर कसे प्रेम करावे, याचे ते पुरुषाने रंगवलेले चित्र. बाईने स्वतः रचलेले गाणे ऐकायचे तर पहाटेच्या जात्यापाशीच जावे लागते.

माझी आजी परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याची. तिच्या ओव्यांत आई होती, पंढरीचा विठ्ठल होता आणि सर्वांत अधिक भाऊ होता. चोळी घेऊन येणारा, माहेरी नेणारा. आजोबा क्वचितच येत, आणि आले तरी 'भरतार' म्हणून. नवऱ्याचे नाव घ्यायचे ते फक्त उखाण्यात, चारचौघींच्या आग्रहाखातर! हे मौन प्रेमाच्या अभावाचे की मर्यादेचे? मला वाटते, दोन्हींचे. जिथे नवऱ्याशी चारचौघांत बोलणेही वावगे ठरे, तिथे मनातली ओढ भावाच्या किंवा देवाच्या नावे वाहणे निर्धोक होते. आणि पुष्कळ घरांत नवऱ्याविषयी गाण्यासारखे काही नसेलही.

याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई येथे आठवते. तिच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळू-कांडू लागतो, शेण्या वेचतो. कौतुक आहे ते देवाच्या पराक्रमाचे नव्हे, तर त्याने बाईचे काम आपले मानले याचे. समोर बसून जात्याच्या खुंट्याला हात लावील तो आपला, ही प्रेमाची कसोटी कष्टणाऱ्या बाईलाच सुचू शकते. मी वाचलेल्या लावण्यांत सखा शेला आणतो, विडा घेतो. दळायला बसलेला मात्र मला आढळला नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून १ लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. शब्द वाचले, हे मोठेच काम. गावोगाव गिरण्या आल्या, बायकांच्या हातांचे घट्टे गेले, तेही चांगलेच झाले. परंतु दळताना, घर झोपेत असताना, मनातले मोठ्याने म्हणण्याची जी मुभा बाईला होती, ती गिरणीच्या रांगेत मिळत नाही. आणि घरात दुसरा खुंटा कोण धरतो, हा प्रश्न जाते अडगळीत गेल्यावरही उरलाच आहे.