चुकीच्या जागी कानस

पांढऱ्या घोडीचे उतरवलेले नाल मी काळ्या घोड्याचे म्हणून विकले आहेत. उल्हासनगरातल्या दुकानदारांना शनिवारी चौकटीवर ठोकायला नाल लागतो, तो काळ्या घोड्याचाच लागतो, आणि लोखंडाकडे बघून घोड्याचा रंग कोणालाच सांगता येत नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माझ्या चुकांमधली ही सगळ्यांत हलकी. बाकीच्या एका मुक्या जनावराला भोवल्या, म्हणून त्या लिहून काढतो आहे.

मी मूळचा फिटर. अंबरनाथला कारखान्यात उभं आयुष्य गेलं. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा हाताला सवय फक्त लोखंडाची होती. बदलापूर पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला, वडिलांनी घेऊन ठेवलेल्या तुकड्यावर एक पत्र्याची शेड होती. उल्हासनगरचे एक शेठ वरातीला घोड्या देतात. कॅम्पातल्या त्यांच्या गाळ्यात घोडीला नीट वळायलाही जागा नव्हती, म्हणून पावसाळ्यापुरती एक घोडी ते माझ्याकडे ठेवू लागले. चांदणी तिचं नाव. वैरण त्यांची, मेहनत माझी, महिन्याचे पैसे ठरलेले. जनावरांची मला आवड होती आणि तेवढ्यावर भागेल असं वाटत होतं.

नाल ठोकायला कल्याणहून एक म्हातारे नालबंद यायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. कल्याण स्टेशनबाहेर टांगे उभे असत त्या काळापासून ते या कामात. टांगे गेले. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा मुंबईकडचं कामही आटलं. घरातल्या पोरांनी गॅरेजची वाट धरली. हातोडी-सांडशीची जड पिशवी घेऊन लोकलच्या गर्दीत चढणं चाचांना झेपेना. मी शेजारी बसून त्यांचं काम बघायचो. कानस तीच, पक्कड तीच, हातोडी तीच, खिळे तेवढे वेगळे, चपटे. मनात म्हटलं, यात न येण्यासारखं आहे काय? त्यांना सांगून टाकलं, ‘चाचा, आता दगदग करू नका, मी बघतो.’ ते म्हणाले, ‘मिस्त्री, लोखंड तुला येतं रे. पायाचं काय?’ मी हसण्यावारी नेलं.

बाजारात तयार नाल ठरावीक मापात मिळतात. ते पायाच्या घेराप्रमाणे ठोकून वाकवून घ्यायचे असतात. मी आणलेला नाल चांदणीच्या खुरापेक्षा जरा अरुंद होता. फिटरला काय सुचणार? जे मऊ ते घासायचं. खुराची कड बाहेरून कानशीने उतरवली आणि नाल कडेला कड जुळवून बसवला. काम इतकं साफ दिसलं की फोटो काढून शेठना पाठवला. शेठ खूश. पण खिळे ज्या भिंतीत धरतात तीच मी पातळ करून ठेवली होती, आणि मागे नाल अरुंद पडल्यामुळे टाचा आतल्या अंगाला दाबल्या जात होत्या. कारखान्यात जॉब बिघडला तर भंगारात टाकून दुसरा घेता येतो. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. वरच्या केसांच्या रेषेपासून पुढच्या टोकापर्यंत नवी भिंत उतरायला वर्षभर जातं.

घोड्याचा पाय उचलून तळवा बघितलात तर टाचांमधून पुढे निमुळता होत गेलेला एक त्रिकोणी भाग दिसेल. बोटाने दाबला तर दबतो. ती पुतळी. तिच्या दोन्ही बाजूंना खोलगट खाचा आणि मधोमध एक उथळ पन्हळ. घोडा पाऊल टाकतो तेव्हा पुतळी जमिनीवर दबते, टाचा किंचित फाकतात, धक्का जिरतो, पायातलं रक्त वर चढायला मदत होते. टाचा आवळल्या की त्या उथळ पन्हळीची अरुंद चीर होते. चिरेत लीद-मूत जाऊन बसते, हवा पोचत नाही, आणि जिथे हवा नसते तिथेच फोफावणारे जंतू पुतळी कुजवायला लागतात. डॉक्टर त्याला थ्रश म्हणतात, आम्ही म्हणतो पुतळी सडली. काळा चिकट स्राव येतो आणि त्याला एक वास असतो. तो हाताला लागला की साबणाने दोनदा धुऊनही जेवताना जाणवतो.

वरातीच्या घोडीचं वर्षाचं वेळापत्रक या रोगासाठीच आखल्यासारखं आहे, हे मला फार उशिरा उमगलं. उन्हाळी मुहूर्त संपतात. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत वराती नाहीत. शेवटच्या वरातीला ठोकलेला नाल तसाच पायात राहतो, कारण बसून खाणाऱ्या घोडीवर नालबंदाची मजुरी कोण घालवणार? सहा ते आठ आठवड्यांनी उतरवायचा नाल दिवाळीपर्यंत टिकवला जातो. खाली नाल तसाच आणि वर खूर वाढतोय, त्यामुळे टाचा उंच होतात, पुतळी जमिनीपासून सुटते. घोडी जागची हलत नाही, म्हणून खाचेतली घाण चालण्याने निघून जायची तीही जात नाही. आणि हे सगळं नेमकं बदलापूरच्या पावसाच्या महिन्यांत.

त्यात माझी शेड. खाली मी सिमेंटचा कोबा केला होता, लेव्हल ट्यूब लावून, एकदम सपाट. मुताला वाट म्हणून उतार द्यावा हे सुचलंच नाही, उलट लेव्हलचा अभिमान वाटला. अंथरायला उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून लाकडाचा भुसा पोत्यांनी आणायचो, जवळजवळ फुकट. कोरडा भुसा रोज बदलला तर वाईट नसतो. मी मात्र वरचा ओला थर काढून त्यावर नवा थर टाकायचो. वरून सोनेरी, खाली मुतात भिजलेला लगदा. चांदणी रात्रंदिवस त्यात उभी.

वास आला तेव्हा म्हटलं, तबेला आहे, वास यायचाच. मागच्या उजव्या पायातून काळं काही निघालं तेव्हा म्हटलं, चिखल. पुतळी भुसभुशीत लागली तेव्हा ‘पांढरा खूर कच्चाच असतो’ हे कुठेतरी ऐकलेलं वाक्य कामाला आलं. खुराच्या रंगाचा आणि मजबुतीचा संबंध नसतो. पण तसं मानलं की दोष घोडीच्या रंगाकडे जातो, तबेलेवाल्याकडे येत नाही. ही समजूत एवढी टिकून का आहे, याचं उत्तर मला त्यातच दिसतं.

शेवटी उपाय सुरू केला. सुरी घेऊन पुतळी छान रेखीव कापली, रक्त दिसेपर्यंत. काढायच्या असतात त्या फक्त सुटलेल्या, मेलेल्या चिंध्या. मी जिवंत भाग काढला. मग त्यावर बाटलीतलं फिनाईल, पाणी न घालता. चांदणीने पाय झटकला, तो माझ्या मनगटावर बसला, आणि मला वाटलं, झोंबतंय म्हणजे लागू पडतंय. जहाल औषध मेलेल्या मांसाबरोबर जिवंत मांसही जाळतं आणि त्या जळलेल्या थराखाली जंतूंना पुन्हा आसरा मिळतो. वर पाणी शिरू नये म्हणून चीर डांबराने बुजवली. गळती दिसली की पॅकिंग मारायचं, हे इतक्या वर्षांच्या नोकरीने डोक्यात पक्कं बसलेलं. हवा नको असलेल्या जंतूंना मी हवाबंद खोली बांधून दिली.

२०१९ च्या २७ जुलैला उल्हास नदी पात्राबाहेर आली. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तोच दिवस. शेडमध्ये पाणी शिरायच्या आत मी चांदणीला वर रस्त्याकडे नेऊन बांधलं. आजूबाजूच्यांनी कौतुक केलं, मीही ते घेतलं. पाणी ओसरल्यावर गाळ राहिला, तो काढायला वेळ लागला. पुढे कोणी विचारलं की मी सांगायचो, पुरात पाय खराब झाला. हे खोटं होतं. पाय जूनपासून वास मारत होता.

नोव्हेंबरात तुळशीचं लग्न झालं आणि शेठचा फोन आला. पहिल्याच मुहूर्ताच्या वरातीचा बयाणा घेतलेला होता. मी म्हणालो, ‘शेठ, मागचा पाय जरा धरतेय.’ ते म्हणाले, ‘मिस्त्री, तासाभराचं काम आहे. चालेल ना?’ नाही म्हणायची जागा हीच होती. मी नवे नाल ठोकले, मागच्या पायात कापूस भरून वरून चामडं दिलं आणि कोंड्यातून वेदनाशामक पावडर चारली. आजारी किंवा जखमी जनावराला कामाला लावणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. काँक्रीटच्या रस्त्यावर, बँडच्या मागे, चांदणी थांबली ती थांबलीच. पाय टेकवेना. नवरदेव उतरून मंडपापर्यंत चालत गेला. त्याच्या मामांनी मला जे सुनावलं ते छापण्यासारखं नाही, पण त्यात गैर काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई आल्या. नाल काढायला लावला, चामडं सोडवलं, आणि मागे सरकून आधी मास्क लावला. चीर पुतळीच्या मध्यातून वर टाचेच्या दोन गोळ्यांच्या मध्ये गेली होती. तिथे सळई घातली तर चांदणी थरथरायची. त्यांचा पहिला प्रश्न औषधाचा नव्हता. त्यांनी विचारलं, ‘काका, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी दिलंय?’ मी गप्प. घोड्याला धनुर्वात फार चटकन होतो, त्याचे जंतू मातीत आणि लिदीत असतात, आणि खोल, बंद जखम त्यांना हवीच असते. कापूस, चामडं आणि डांबर घालून मी तशी जखम व्यवस्थित तयार केली होती. चांदणी वाचली हा निव्वळ योग, त्यात माझा हात नाही.

उपचार बघून मी खजील झालो, इतका तो साधा होता. सुटलेलं तेवढं काढायचं. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्कट चहाच्या रंगाइतकं पातळ करून चीर धुवायची, मग पूर्ण कोरडी करायची, कोरडं करण्यावर बाईंचा जास्त कटाक्ष. नंतर कापडाची बारीक पट्टी औषधात भिजवून चिरेच्या तळापर्यंत बसवायची आणि रोज बदलायची. औषधात मेट्रोनिडॅझोलची पूड होती, आपल्याला पोट बिघडल्यावर देतात तीच गोळी. मी मोरचुदाचं विचारलं. त्या म्हणाल्या, मोरचूद चालतो, पण ताज्या जखमेवर नाही, आणि तुम्ही तर जखमच करून ठेवली आहे. जाताना शेडकडे बघून म्हणाल्या, ‘हे असंच राहणार असेल तर मला पुन्हा बोलवू नका.’

मग चाचांना गाडी पाठवून आणलं. ते काही टोचून बोलले नाहीत, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. त्यांनी खूर समोरून नाही, मागून बघितला. टाचा उतरवल्या, अशा की उभी राहिल्यावर पुतळीला जमीन लागेल. नाल पुन्हा ठोकला नाही. मी पावसाला दोष देऊ लागलो तेव्हा म्हणाले, ‘माथेरानला आपल्यापेक्षा जास्त पाऊस पडतो. तिथला घोडा दगडातून, लाल मातीतून चालतो. तुझी घोडी मुतात उभी आहे.’

कोबा मी स्वतः फोडला. खाली दगडाचा थर, वर मुरूम, एका बाजूला उतार आणि गटार. बाहेर घोडी बांधायच्या जागी मुठीएवढे गोल दगड पसरले. हे शेवटचं डॉक्टरबाईंनी सुचवलेलं. झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने सुमारे २,४०० वर्षांपूर्वी घोड्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात ओली, गुळगुळीत जमीन चांगल्या खुराचीही वाट लावते असं सांगून अंगणात असेच दगड टाकायचा सल्ला दिला आहे. तेव्हा नाल ठोकायची पद्धतही ग्रीकांत नव्हती, त्यामुळे खूर सांभाळायचा म्हणजे जमीनच सांभाळायची. मी उलटा निघालो होतो, लोखंडाकडून.

चांदणीचा लंगडेपणा गेला तोवर २०२० चा मार्च आला आणि टाळेबंदी लागली. वराती बंदच. शेठचं मोठं नुकसान झालं, ते मी हलकं करून सांगणार नाही. पण त्या वर्षी चांदणी अख्खा पावसाळा माझ्याकडे बिननालाची राहिली, पूर्वीइतकीच बसून, पूर्वीइतक्याच पावसात, आणि पुतळीला वास आला नाही. फरक फक्त खालच्या जमिनीचा, उतरवलेल्या टाचांचा आणि रोज संध्याकाळी आकडीने पाय साफ करण्याचा होता. औषधाची बाटली फडताळात तशीच पडून होती.

आता मी आजूबाजूच्या घोड्यांचे पाय बघतो, पण चाचांनी हाताखाली बसवून पुन्हा शिकवलं त्यानंतरच. सडलेली चीर टाचेपर्यंत गेलेली दिसली तर हात लावत नाही, डॉक्टरांना बोलवा म्हणतो. घोडीवाल्यांना एवढंच सांगणं आहे: आषाढीच्या आधी नाल उतरवून घ्या आणि पावसाळ्यात दर दीड महिन्याने नालबंदाला बोलवा, एकही नाल ठोकायचा नसला तरी. त्या दिवशी तो फक्त टाचा उतरवेल, पुतळी बघेल, वास घेईल आणि मजुरी पूर्ण मागेल. ती घासाघीस न करता द्या.