मोठा एल, लहान एल

१९९३ च्या जानेवारीत अर्बानाला, इलिनॉय विद्यापीठाच्या तळघरातल्या एका लॅबमध्ये बसून मी आईला पहिलं छापील मराठी पत्र लिहिलं. बाहेर बर्फ गुडघाभर होतं आणि लॅब रात्रभर उघडी असायची. कीबोर्ड इंग्रजी, अक्षरं रोमन. लहान एल म्हणजे ल, मोठा एल म्हणजे ळ. लहान एन म्हणजे न, मोठा म्हणजे ण. अविनाश चोपडे यांचा आयट्रान्स नावाचा प्रोग्राम ती फाइल वाचून टेककडे द्यायचा, टेक फ्रान्स वेल्टहौस यांच्या देवनागरी फाँटमध्ये पान जुळवायचं, त्याचं पोस्टस्क्रिप्ट व्हायचं आणि मग कुठे कोपऱ्यातला लेझर प्रिंटर जागा व्हायचा. एक वेलांटी चुकली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. ते गरम पान हातात आलं तेव्हा घरापासून इतक्या लांब आपली लिपी पाहून डोळे भरून आले होते.

तीन आठवड्यांनी आईचं उत्तर आलं, निळ्या एअरोग्रामवर, कडेपर्यंत भरलेलं. पत्र लग्नपत्रिकेसारखं वाटलं, खाली सही तरी पेनानं कर, असं तिनं लिहिलं होतं. शिवाय एका ठिकाणी मी मोठा एल दाबायला विसरलो होतो. ‘इथली केळी फार मोठी असतात’ या वाक्यात केळीची ‘केली’ झाली होती, ती तिनं दुरुस्त करून कळवली. ती शाळेत मराठी शिकवायची.

ती फाइल माझ्याकडे अजून आहे, आणि आज कुठल्याही संगणकावर उघडते. कारण ती साधी अक्षरांची फाइल आहे. तिच्यात कुणाचं गुपित नाही. नंतर १९९६ च्या सुमाराला मी हौसेनं एक मराठी शब्दसंपादक विकत घेतला. त्यात देवनागरी थेट पडद्यावर दिसायची, केवढी चैन वाटली! त्यात दोन वर्षं पत्रं लिहिली. पण आत प्रत्येक अक्षराला त्यांचाच खाजगी क्रमांक होता. तो फाँट गेला आणि माझ्या पत्रांच्या जागी आज प्रश्नचिन्हं आणि उलटेसुलटे स्वर उरलेत. अवघड वाटणारी पद्धत टिकली आणि सोपी गेली, यावर मी फार विचार केला आहे. प्रोग्राम कितीही देखणा असो, मी आधी एवढंच विचारतो: माझं लिहिलेलं याच्याशिवाय वाचता येईल का?

त्याच अर्बानामध्ये स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये युडोरा हा ईमेलचा प्रोग्राम लिहिला होता. लेखिका युडोरा वेल्टी यांची पोस्ट ऑफिसात राहायला जाणाऱ्या बाईची एक कथा आहे, तिच्यावरून त्यांनी हे नाव ठेवलं. युडोरा टपाल साध्या मजकुरात साठवायचा. १५ ऑगस्ट १९९५ ला भारतात विदेश संचार निगमनं सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं, मग दादरला धाकट्या भावानं जोडणी घेतली. माझी ईमेल छापून तो आईला वाचून दाखवायचा. ती सगळी पत्रं शाबूत आहेत. २०१८ मध्ये माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं युडोराचा सोर्स कोड खुला केला, तेव्हा मला एखाद्या जुन्या शेजाऱ्याची खुशाली कळल्यासारखं झालं.

आवाजाच्या बाबतीत मात्र मी चुकलो. निघण्यापूर्वी आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी दोन कॅसेटवर घेतल्या होत्या. १९९७ मध्ये सनीव्हेलच्या फ्राइजमधून कॅसेट डेक साउंड कार्डाला जोडायची वायर आणली. (ट्रान्झिस्टरपासून वेफर्सपर्यंत सगळं मिळायचं ते दुकान, शनिवार तिथेच जायचा. २०२१ च्या फेब्रुवारीत फ्राइजची सगळी दुकानं एका रात्रीत बंद झाली.) सीडीच्या दर्जाचा आवाज मिनिटाला दहा मेगाबाइट जागा खायचा, आणि माझी सगळी डिस्क दोन गिगाबाइटची. म्हणून पहिली कॅसेट तेव्हा गाजत असलेल्या एका फॉरमॅटमध्ये दाबून ठेवली. दुसरी जशीच्या तशी सीडीवर घेतली. पुढे कॅसेटना बुरशी लागली. आता दाबलेल्या फाइलमध्ये आजीचा आवाज आहे, जात्याची घरघर नाही. बोलणं तेवढं ठेवून बाकीचं फेकायचं, अशीच त्या फॉरमॅटची रचना होती. मला ती घरघर हवी होती. तेवढी जागा कुठूनही काढायला हवी होती.

आताचं सगळंच वाईट, असं मला मुळीच म्हणायचं नाही. युनिकोड ही आपल्या भाषेला मिळालेली फार मोठी गोष्ट आहे. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली तेव्हा माझ्या संगणकावर ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ सारखेच दिसायचे. आज फोनवरही वेगळे दिसतात. ‘ॲ’ला स्वतःचा क्रमांक २००८ मध्ये मिळाला, तोवर अ वर चंद्र चढवून वेळ मारून न्यायचो. आई आज अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. ती फोनशी बोलते आणि तो मराठी लिहितो, बहुतेक वेळा शुद्ध. एअरोग्रामच्या तीन आठवड्यांचे तीन सेकंद झाले.

फक्त ते निरोप कुठे राहतात, हे माझ्या हातात नाही. २०१३ च्या १ जुलैला गूगल रीडर बंद झालं, तेव्हा वाचनाची यादी एका छोट्या फाइलमध्ये उतरवून घेता आली होती. तशी आईची गप्पांची फाइल मी दर रविवारी सकाळी व्हॉट्सॲपमधून साध्या मजकुरात काढतो आणि दोन डिस्कवर ठेवतो. बायको त्याला माझी पूजा म्हणते.

गेल्या महिन्यात मी चाळीसेक ओळींचा एक प्रोग्राम लिहिला आणि १९९३ चं ते पत्र रोमनमधून युनिकोडमध्ये आणून आईला पाठवलं. मजकुराला मुद्दाम हात लावला नाही. अर्ध्या तासानं तिचा निरोप आला. जुन्या पत्राबद्दल अवाक्षर नव्हतं, एकच शब्द होता: केळी.