लाट कोणत्या वाटेने आली?

दहावीच्या विज्ञानात ज्याला 'अपवर्तन' म्हणतात, त्याला उर्दूत 'इनइताफ' म्हणतात. शब्दाचा अर्थच वळणे, झुकणे. मी शिकवतो भाषा, पण विज्ञानाचे सर रजेवर गेले की तो तास माझ्याकडे येतो. नांदेडच्या आमच्या वर्गात एका मुलीने विचारले, "सर, भूकंपाची लाटपण अशीच वळते का? माझी नानी किल्लारीकडची आहे."

वळते. नियम तोच, जो इब्न सहल याने इ.स. 984 च्या सुमारास बगदादमध्ये भिंगांसाठी मांडला होता. स्नेलचे नाव त्याला लागले ते सहाशे वर्षांनंतर! थर कितीही असोत, लाटेचा स्तंभिकेशी होणारा कोन घ्या. त्याच्या साइनला त्या थरातल्या वेगाने भागा. उत्तर प्रत्येक थरात तेच येते. वेग घटला की लाट उभी होत जाते.

आता थर कोणते? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी हादरली. पुढे तिथे 617 मीटर खोल भोक पाडले. वर 338 मीटर बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड. त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळ. मग ग्रॅनाइटच्या जातीचा जुना, कठीण खडक. त्यात लाट सर्वांत वेगाने पळते.

म्हणून नांदेडला पहिली लाट काळ्या दगडातून सरळ आली नाही. ती खालच्या खडकातून धावली आणि आपल्या पायाखाली आल्यावर वर चढली. लातूरहून येताना आपणही अहमदपूर, लोहा करत हमरस्त्याने येतो, गल्लीत शिरतो ते अगदी शेवटी.

किल्लारीत लाट खालूनच उठली. वरच्या मऊ मातीत वेग आणखी घटतो, त्यामुळे ती जवळजवळ उभी बाहेर पडते. आधी येणारी लाट जमीन वर-खाली हलवते, मागून येणारी आडवी. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर माळवदाचे ओझे. ती घरे आडव्या हिसक्याला टिकणारी नव्हतीच. जवळपास दहा हजार माणसे गेली, बहुतेक झोपेत.

मुलीला म्हटले, नानीला विचार, धक्का कुठून आला. दुसऱ्या दिवशी ती वहीत लिहूनच घेऊन आली: "पहले नीचे से उठाया, फिर बाजू से हिलाया. दीवार तब गिरी."